न मोजलेले वीस सेकंद

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दहीभात खात होते. स्क्रीनवर ‘अण्णा येलहंका’ असं नाव दिसलं आणि मी फोन पालथा घातला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना स्वतःला बरं दाखवायचा मोह मला होणार आहे. चार महिन्यांत अण्णांचा फोन नव्हता आणि मला वाटलं, आता ते पुन्हा त्या भिंतीचा विषय काढणार. फोन दुसऱ्यांदा वाजला तेव्हा समोरची मैत्रीण म्हणाली, “अगं घे ना, अर्जंट असेल.” घेतला. पलीकडे एक बाई बोलत होत्या.

“मुक्ता इन्स्पेक्शन का?”

“मी मुक्ता... पण इन्स्पेक्शन?”

“ह्यांच्या फोनात तसं लिहिलंय म्हणून विचारले. मी शालू, अण्णांची बायको. अण्णा गेले हो... परवा सकाळी. अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं, तेवढ्यातच.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “फॅक्टरीतल्या सगळ्यांना कळवलं. तुम्ही कुठल्या सेक्शनच्या, ते काय मला आठवंना.”

मी कुठल्याच सेक्शनची नव्हते. अण्णा, म्हणजे भीमराव मगदूम, मूळचे निपाणीचे. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होते. यंत्राचा सुटा भाग तयार झाला की तो मापात आहे की नाही ते बघायचं आणि कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. मी पुण्याहून आठ वर्षांपूर्वी इथे आलेली, मल्लेश्वरमला भाड्याने राहणारी, सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालतो की नाही ते तपासणारी. अण्णांच्या मते आम्ही एकाच खात्याचे. “तू पण इन्स्पेक्शनच की गं,” ते म्हणायचे, “लोखंडाच्या जागी कॉम्प्युटर, एवढंच.” फोनमध्ये त्यांनी मला त्याच नावाने ठेवलं होतं आणि मला ते त्यांच्या बायकोकडून, ते गेल्यावर, कळलं.

आमची ओळख झाली ती एका ऑनलाइन खेळात. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने घरात बसणं आलं आणि मुलीने वेळ जावा म्हणून आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. एका रविवारी सकाळी आमच्या गटात एक खेळाडू कमी पडत होता, म्हणून खेळाने कुणीतरी अनोळखी माणूस जोडून दिला. आम्ही इंग्रजी-हिंदीत एकमेकांवर ओरडत होतो, आणि मध्येच हेडफोनमध्ये आवाज आला, “अगं शाले, चहा ठेव की. हे लोक काय मला सोडंनात बघ.” मी इतकी हसले की खेळातला माझा तिरंदाज तिथेच मेला. “कोण मराठी बोलतंय?” असं विचारल्यावर तिकडून आलं, “अय्यो... ऐकू जातंय होय?” त्या दिवसापासून ते आमच्या रविवारच्या गटात आले. आम्ही पाचही जण पुण्या-नागपूरकडचे, आयटीतले, तिशीच्या आतबाहेरचे, आणि हे एकटे पासष्टीचे. पण चिडवण्यात ते आमच्यापेक्षा तरबेज होते. गटाचा म्होरक्या विनीत नागपूरचा, बोलायला फटकळ. त्यालासुद्धा ते “काय साहेब, आज जेवून आलायत का उपाशीच लढणार?” असं विचारून गप्प करायचे.

खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. सहा जणांनी मिळून एक बुरूज चढायचा, मजल्यामागून मजला, आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी अक्राळविक्राळ राक्षस वाट अडवून बसलेला. सुरुवातीला प्रत्येकाने आपला क्लास निवडायचा. क्लास म्हणजे त्या खेळातला तुमचा पेशा. कुणी योद्धा, कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक, कुणी जखमा भरून काढणारा वैद्य. ही नावं खेळात इंग्रजीत आहेत, पण अण्णांनी सगळ्यांचं बारसं मराठीत केलं आणि पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो. या सगळ्यांत एक होता गवंडी. त्याच्या हातात शस्त्र नाही. तो फक्त एक बुटकी भिंत बांधतो, तिच्यामागे बाकीच्यांनी लपायचं. हजारो लोक हा खेळ खेळतात आणि गवंडी घेणारा माणूस मी अण्णांच्या आधी पाहिला नव्हता. का घेतलात, असं विचारल्यावर म्हणाले, “सगळी मारायलाच निघालीत. बांधणारा एक तरी नको होय?”

गवंडी कुणी का घेत नव्हतं, याचं उत्तर मला नेमकं ठाऊक आहे, कारण ते मीच लिहिलं होतं. या खेळात शिरणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ‘कशात मजा येईल’ हा पडतच नाही. ‘काय घेतलं तर मला गटातून हाकलणार नाहीत’ हा पडतो. मग तो गाइड शोधतो. गाइड म्हणजे कुणीतरी लिहिलेली मार्गदर्शिका, ज्यात कुठला पेशा वरच्या नंबरचा, कुठला तळाचा, कुठल्या मजल्यावर कुणी कुठे उभं राहायचं, हे सगळं मांडलेलं असतं. लोक ते डोळे मिटून पाळतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आठवडाभर राबून रविवारी दोन तास मिळतात, त्यात प्रयोग करत कोण बसणार? शिवाय गाइडप्रमाणे खेळून हरलं तर नशीब म्हणता येतं, स्वतःच्या मनाने खेळून हरलं तर पाच जण तुमच्याकडे बघतात. दहावीनंतर सायन्स का घेतलं, हे तरी आमच्यापैकी किती जणांनी तपासलं होतं? सगळे घेत होते, घेतलं. त्यामुळे ज्याला त्याला वैद्य नाहीतर तिरंदाज व्हायचं होतं, आणि मी लिहिलेलं गाइड आपल्याकडच्या खेळाडूंमध्ये बरंच चालत होतं. ‘गाइडवाली मुक्ता’ म्हणून अनोळखी लोक नमस्कार करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या गाइडमध्ये गवंडी शेवटच्या नंबरवर होता. ‘भिंत बांधायला तीन सेकंद लागतात, टिकते आठ. बांधा आणि पळा. शक्यतो गवंडी घेऊच नका.’ ही वाक्यं माझी. पण तीन आणि आठ हे आकडे माझे नव्हते. ते मी परदेशातल्या कुणाच्या तरी जुन्या गाइडमधून उचलले होते. त्यानेही ते कुठून घेतले, देव जाणे. मधल्या काळात खेळात किती बदल झाले, पण तक्त्यातले आकडे मी हलवले नाहीत. एकही आकडा मी स्वतः घड्याळ लावून मोजलेला नव्हता. ज्या बाईला ‘तपासून बघितलंस का’ या एका प्रश्नाचा पगार मिळतो, तिने हे केलं होतं.

अण्णांना गटात घेताना आम्ही ज्येष्ठ नागरिकांना बसमध्ये जागा द्यावी तसं वागायचो. खालच्या सोप्या मजल्यांवर गवंडी चालवून घ्यायचो, वर जाताना ‘अण्णा, आता तुम्ही चहा घ्या’ म्हणायचो. ते कानडीत “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणून जायचे. आणि एका रविवारी बाकीचे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. आवाजात दाबलेला आनंद होता. “मुक्ता, स्वल्प थांब. ती भिंत आठ न्हाई गं, वीस सेकंद टिकतीय. गवंडी भिंतीला हात लावून तिथंच उभा राहिला तर वीस. पळाला तर आठ. तुझं गाइड वाचून सगळी पळतात, म्हणून सगळ्यांना आठच दिसतंय. मी दोनशे वेळा मोजलो.”

मी म्हटलं, “भारी आहे हे अण्णा! बदलते मी गाइडमध्ये.”

“असं न्हाई,” ते एकदम गंभीर झाले. “मी सांगितलो म्हणून बदलायचं न्हाई. तू मोज. दोघांचं माप जुळलं की मग सही.”

त्यांच्या खात्याची ती पद्धत होती. एकाच्या मापावर काही पास करायचं नाही, दुसऱ्याने स्वतःच्या साधनाने, पहिल्याचा आकडा मनात न धरता मोजायचं. मी म्हटलं, विनीतलाही सांगा ना. तर म्हणाले, “त्याला कशाला? सही तुझी हाय.” वीस सेकंद म्हणजे त्या खेळात फार झाले. वीस सेकंदांत वैद्य सगळ्या गटाला दोनदा उभं करतो. अण्णांचं खरं असतं तर गवंडी तळातून थेट वर आला असता, आणि त्यांना चहा प्यायला पाठवावं लागलं नसतं. ते स्वतः हे एका शब्दानेही बोलले नाहीत, पण त्यांना आमच्याबरोबर वरच्या मजल्यांवर यायचं होतं, हे न कळण्याइतकी मी बावळट नव्हते.

मोजायला अर्धा तास पुरला असता. आधी आळस केला. ऑफिसात रिलीज आहे, आई आलीय, लाइट गेले, काय वाट्टेल ते सांगत राहिले. मग आळसाच्या जागी भीती आली. एक आकडा चुकला असं जाहीर केलं की लोक विचारणार, बाकीचे कुणी मोजले? आणि बाकीचेही मी मोजलेले नव्हते. गाइडवाली मुक्ता नक्कल करून लिहिते, हे उघडं पडलं असतं. दर रविवारी अण्णा फक्त एवढंच विचारायचे, “झालं का गं?” त्यांच्या विचारण्यात तगादा नसायचा आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग ते एकदा डोळे तपासायला मल्लेश्वरमला आले होते. तपासणी झाल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या बिनखुर्च्यांच्या हॉटेलात, उभ्यानेच कॉफी घेत होतो. गुडघ्यामुळे त्यांनी एक हात टेबलावर टेकवला होता. त्यांनी विचारलं, “झालं का गं?” आणि मी म्हटलं, “हो अण्णा, मोजलं. आठच येतात.”

त्यांनी कप टेबलावर ठेवला. मग मी आणखी बोलले, आणि तेच मला आता सगळ्यात लागतं. “तुमचं नेट स्लो आहे ना, अण्णा. भिंत खरं तर पडलेली असते, तुमच्या स्क्रीनवर ते उशिरा पोचतं. त्यामुळे तुम्हाला वीस वाटतात.” हे असं होऊ शकतं. मी या क्षेत्रातली आहे, मला खोटं नीट शिवता येतं.

“किती वेळा मोजलीस?”

“पन्नासेक वेळा.”

त्यांनी मान हलवली. “मग साधनच चुकलं की माझं. बरं झालं विचारलो, न्हाईतर त्यातच राहिलो असतो.” आणि ते हसले. त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्या तपासनिसाचं माप खरं धरलं होतं, आणि मी त्यांच्या खात्यातली होते. कॉफीचे पैसेही त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात अण्णांनी गवंडी सोडला. “मी पण वैद्य होतो आता. तुमच्या वाटेत कशाला येऊ?” माझं गाइड त्यांनी मुलीकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आणि कुठल्या वेळी कुठलं बटण दाबायचं ते समोर भिंतीवर चिकटवलं. वैद्याला बोटं भराभर चालवावी लागतात. अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या जुन्या दुखापतीने नीट वाकत नसत. गवंड्याला त्याने काही फरक पडत नव्हता, त्याला फक्त एका जागी उभं राहायचं असतं. पण वैद्य म्हणून ते प्रत्येक वेळी अर्ध्या क्षणाने मागे पडायचे. खेळाच्या त्या मोसमाच्या शेवटच्या रविवारी आम्ही नवव्या मजल्यावर सलग चार वेळा हरलो. चौथ्या वेळी विनीत वैतागून म्हणाला, “अण्णा, गाइड समोर ठेवूनपण नाही जमत आहे का? फक्त कॉपी करायचंय यार.”

मी माइक बंद केला आणि उठून पाणी प्यायले. परत आले तेव्हा अण्णा म्हणत होते, “माझीच चूक साहेब. हात चालंना.” पुढच्या रविवारी त्यांचा मेसेज आला, गुडघा दुखतोय, तुम्ही खेळा. त्यानंतर ते आलेच नाहीत. मी फोन केला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, ‘झालं का गं’ असं विचारणारं आता कुणी नव्हतं.

शालूअक्कांचा तो फोन आल्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी पहिल्यांदा गवंडी घेतला. भिंत बांधली आणि सवयीने पळाले. आठ. पुन्हा बांधली, हात लावून उभी राहिले. वीस. पुन्हा वीस. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा वीस, आणि माझं नेट चांगलं आहे. उठले तेव्हा गॅसवर ठेवलेल्या कुकरच्या शिट्ट्याही व्हायच्या होत्या. इतकंच काम होतं ते. मी डायनिंग टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि रडतानाही मनात हिशेबीपणे येत होतं की कुणाला कळायची गरज नाही. त्या विचाराची किळस आली म्हणून दुपारी गाइड बदललं. भिंतीचा शोध अण्णांचा आहे, आधीचे आकडे मी न तपासता उचलले होते, सगळं लिहिलं. भीती वाटत होती की लोक तुटून पडतील.

काहीच झालं नाही. माझी कबुली कुणी वाचलीच नसावी, सगळ्यांनी अण्णांचं नाव आणि खालचा तक्ता तेवढा पाहिला. तीन आठवड्यांत जिकडे तिकडे गवंडीच गवंडी. गट जमवणारे लिहितात, ‘गवंडी पाहिजे, गाइडप्रमाणे खेळणारा’. विनीतने स्वतः गवंडी घेतलाय आणि परवा मला म्हणाला, “अण्णा लेजंड होते यार.” मी विचारलं, “तू मोजलंस का, किती टिकते ते?” “मोजायचं कशाला? तू लिहिलंयस ना वीस.” मला त्याचा भयंकर संताप आला आणि तो संताप कुणावर काढायचा ते कळेना.

गेल्या रविवारी येलहंक्याला गेले. शालूअक्का दारातच म्हणाल्या, “ये की, इन्स्पेक्शन.” अण्णांनी बहुतेक आधी कधीतरी त्यांना माझ्याबद्दल काहीबाही सांगितलेलं असावं, त्यांना आता हळूहळू आठवत होतं. अण्णांची खोली म्हणजे मागच्या बाल्कनीला काचा लावून केलेली चिंचोळी जागा, वरून हवाई दलाचं विमान गेलं की काचा थरथरणारी. लॅपटॉपवर टॉवेल झाकलेला. वरच्या फळीवर वह्यांची रांग. घरातलं काय काय ते मोजून लिहीत असत. कुठल्या महिन्यात टाकी किती वेळात भरते, कुठल्या कंपनीची पेन्सिल किती दिवस पुरते. अक्कांनी त्यांतली एक वही काढली.

“ह्यांच्या वह्यांत खाडाखोड कधी बघितली न्हाई मी. ही एकच वही अशी. काय झालं होतं गं?”

पानावर रकाने आखलेले होते. २०, १९.८, २०, २०.१... चार पानं, दोनशे मापं. प्रत्येक ओळीवर पट्टी धरून एकच सरळ रेघ मारलेली आणि रेघेच्या टोकाला बारीक सही. शेवटी लिहिलं होतं, ‘साधन सदोष. मुक्ताचं माप ८ (५० वेळा). तेच धरावं.’

अक्का म्हणाल्या, “ह्याच्यानंतर मोजायचंच सोडलं बघ त्यांनी. गॅसवर दूध ठेवलं तरी मला विचारायचे, किती वेळ झाला गं? हातात घड्याळ असून. माझा अंदाज चुकायला लागला, म्हणायचे.”

मग मी त्यांना सांगितलं. खेळ, भिंत, गाइड, दर्शिनीतली कॉफी, सगळं. खेळातलं त्यांना किती कळलं ठाऊक नाही. “मी एकदाही मोजलं नव्हतं, अक्का. पन्नास वेळा नाही, एकदाही नाही. अण्णांचं बरोबर होतं.”

त्यांनी लॅपटॉपवरचा टॉवेल सारखा केला आणि म्हणाल्या, “आणि ते चुकलो, चुकलो म्हणतच गेले की गं...” एवढंच. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या उठल्या, डब्यातलं पेन आणि पट्टी घेऊन आल्या आणि वही माझ्यापुढे सरकवली. “तुझं खोड. सही कर.”

मी आठवर पट्टी धरून रेघ मारली. शेजारी सही केली, तारीख घातली. रेघ जराशी वाकडी आली. मग मी पान उलटून अण्णांच्या आकड्यांशेजारी ‘बरोबर’ असं लिहायला पेन टेकवलं, तशी अक्कांनी पानावर तळहात ठेवला.

“ते न्हाई. ह्यांच्या खात्यात ज्यानं खोडलं त्यानंच ते परत खरं करायचं असतंय. दुसऱ्याची सही चालत न्हाई तिथं.”

त्यांनी वही मिटली आणि फळीवर तिच्या जागी ठेवली. माझा आठ आता खोडलेला आहे. अण्णांची दोनशे मापंही खोडलेलीच आहेत, आणि ती तशीच राहणार.